गळ्यातल्या चार डाळी आणि माझा आवाज

माईक बिघडलेला नव्हता, मला खाज सुटली होती. पण हे उघड व्हायला आमच्या स्थानकाला अख्खा पावसाळा लागला.

मी स्वारगेटच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसायचे आणि माईकवर गाड्या पुकारायचे. "कराडमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," असं म्हणायला सुरुवात केली की मधेच कर्ण्यातून खर्र खर्र आवाज यायचा आणि प्रवासी दचकून वर बघायचे. तो आवाज माझ्या लाकडी फूटपट्टीचा होता. मानेमागून ती पट्टी आत घालून मी पाठ खाजवायचे. एका हाताने माईकचं बटण, दुसऱ्या हाताने पट्टी आणि तोंडाने कोल्हापूर. इलेक्ट्रिशियनने आधी माईक बदलला, मग वायर बदलली, मग कर्ण्यात उंदीर असल्याचं जाहीर केलं. साहेबांनी उंदरांचं औषधही मागवलं. मी गप्प राहिले. एरवी मी कधी गप्प राहत नाही, त्यावरूनच त्यांना संशय यायला हवा होता.

रूपरंग माझं बेताचंच, पण आवाज मात्र खणखणीत. मी गाडी पुकारली की स्थानकाबाहेरचे रिक्षावालेसुद्धा मान वळवायचे. खिडकीवरही मला तोच आवाज उपयोगी पडायचा. ते आयटीचे दिवस होते. शुक्रवार संध्याकाळ झाली की गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉप अडकवलेली पोरं गावी जायला झुंडीने यायची, आणि डोक्यावर हातभर पाटी लावलेली असताना विचारायची, "मॅडम, सांगलीची बस कुठे लागते, एनी आयडिया?"

"पगार किती आहे तुमचा?" मी विचारायची.

पोरगं चमकायचं.

"वाचता येत असल्याशिवाय एवढा देत नसतील. वर बघा."

त्यांच्याशी मी अशी वागायची म्हणून तक्रारी यायच्या. साहेब त्या मला वाचून दाखवायचे आणि मी त्या साहेबांना नीट, स्पष्ट उच्चारात परत वाचून दाखवायची.

घरी मात्र बोलायला फक्त मीच. आम्ही हडपसरला राहायचो. लेक एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती आणि कंपनीने तिला अमेरिकेत ऑनसाइट पाठवलं होतं. उरलो मी आणि आमचे हे. हे एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि आयुष्यभर मुख्यतः 'हं' एवढंच बोलले. होकाराचं हं, नकाराचं हं, भाजी खारट झाल्याचं हं, सगळी वेगळी. चपला मात्र दारात न काढता थेट सोफ्यापर्यंत घेऊन यायचे, आणि मग मी सुरू व्हायची. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या, तुमचे हे घरी आले की आम्हाला घड्याळ बघावं लागत नाही.

माझी मूत्रपिंडं रक्तदाबाने कधीच निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिस आणि दुपारनंतर ड्यूटी, असं माझं चाललं होतं. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर सदाशिव पेठेतले एक निवृत्त गणिताचे मास्तर असायचे. चार तास दोघांच्याही हातात सुया, त्यामुळे कुणालाच उठून जाता येत नसे, आणि मास्तरांना तर बोलण्यासाठी असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपण नेहमीच एवढ्या मोठ्याने बोलता की आज काही विशेष?"

मी म्हटलं, "तुमचं वय बघून आवाज वाढवला."

तेव्हापासून आमची मैत्री झाली.

खाजेमागोमाग टाचा दुखायला लागल्या, मग मांड्यांची हाडं. स्थानकाच्या तीन पायऱ्या चढताना मला कठड्याला धरावं लागायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी गळ्यातल्या ग्रंथींची रक्ततपासणी केली. आमच्या किडनीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. साताऱ्याची. पहिल्या भेटीत माझं बोलणं ऐकून ती लिहिता लिहिता थांबली होती. "काकू, तुम्ही स्वारगेटला असता का हो? मी शिकत असताना दर शनिवारी तुमच्या आवाजावर गाडीत बसायचे." तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास बसला. माणसाची पारख असलेली डॉक्टर रोज कुठे भेटते?

तिने मला समजावलं ते असं. गळ्यात, थायरॉईडच्या मागे, मसुराच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून काढून रक्तात आणायचं, हे त्यांचं काम. मूत्रपिंडं बंद पडली की फॉस्फरस साठत जातो, कॅल्शियम घटतं, आणि या चौघी घाबरून हाडांना हात घालतात. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या फुगतात आणि मग कुणाचंच ऐकत नाहीत.

"म्हणजे वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारणीने डबाच उचलून न्यावा, तसं," मी म्हटलं.

"आणि रोज न्यावा," डॉक्टर म्हणाली. "तुमची हाडं त्यामुळेच दुखतायत. खाजही बहुधा त्याचीच. काकू, दूध पिता का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हते पीत. मला दुधाचा वास आवडत नाही.

"चहा?"

"चहा पिते."

"कसला?"

"कसला म्हणजे? चहासारखा चहा. स्थानकाबाहेरच्या टपरीवरचा, नुसत्या दुधाचा, घट्ट."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मला अजूनही त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. दूध पिता का विचारलं तर दुधाचं उत्तर द्यायचं. चहाचं विचारलं तर चहाचं. उद्या बासुंदीचं विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.

"बरं, फॉस्फरसच्या गोळ्या वेळेवर घेता ना?" तिने विचारलं.

इथे मात्र मी ताठ बसले. वेळेच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवणारा अजून जन्माला यायचा होता. गोळी दुपारी एकची म्हणजे एकला. स्थानकाचं घड्याळ आणि माझी गोळी एकाच क्षणी. समोर प्रवासी खोळंबलेला असला तरी मी आधी गोळी तोंडात टाकायची.

"आणि जेवता कधी?"

"ते गाड्यांवर. सोलापूरची वेळेवर आली तर दोनला. नाहीतर तीन, साडेतीन."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पाटीखाली उभं राहून पत्ता विचारणाऱ्यांकडे पाहायची.

"काकू, ती गोळी म्हणजे गाडी आहे. जेवणातला फॉस्फरस म्हणजे प्रवासी. गोळीने त्याला पोटात उचलायचं आणि बाहेर नेऊन सोडायचं. म्हणून ती जेवताना, घासाबरोबर चावायची. तुम्ही काय केलंत? गाडी अगदी वेळेवर सोडलीत, पण रिकामी. आणि दोन तासांनी सगळे प्रवासी आले, तेव्हा फलाटावर गाडीच नाही."

आयुष्यात एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता, तोही माझ्याच खात्याच्या भाषेत. यांनी शेजारून 'हं' केलं. ते होकाराचं होतं. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनी रिक्षात डुलकी काढली.

मग गोळी जेवणाला जोडली, चहा कोरा केला, आणि वर एक नवी गोळी आली. ती म्हणे त्या चार डाळींना फसवते, कॅल्शियम भरपूर आहे असं त्यांना पटवते. माझ्या डाळी पुण्यात वाढलेल्या, त्यांना काही पटलं नाही. मला मात्र उलट्या सुरू झाल्या. एकदा तर मिरजेची गाडी पुकारताना अर्ध्यात उठून पळावं लागलं, आणि मिरजेचे लोक पुढची सूचना ऐकायला बराच वेळ कर्ण्याकडे बघत उभे राहिले. पुढच्या तपासणीत आकडे आणखी वर गेले. डॉक्टर म्हणाली, "आता ऑपरेशन. नाहीतर हाडं मोडायला लागतील."

ऑपरेशन मला सर्जनने समजावून सांगितलं. चारही ग्रंथी काढायच्या, आणि एकीचा अर्धा तुकडा उजव्या हातात, कोपराच्या खाली, कातडीआड पेरायचा. तो तिथे रुजतो आणि गरजेपुरतं काम करतो. पुढे मस्ती करायला लागलाच तर गळा न कापता हातातूनच काढता येतो. मला हे ऐकून बरंच वाटलं. दंगेखोराला पुढच्या बाकावर आणून बसवायचं, तशातला प्रकार.

मग तो म्हणाला, "एक गोष्ट सांगून ठेवतो. आवाजाची नस तिथूनच, अगदी चिकटून जाते. आम्ही जपतो, पण क्वचित आवाज बसतो. अगदी क्वचित कायमचा."

हाडं मोडली तर प्लास्टर घालता येतं. आवाज गेला तर मी कोण राहते? त्या रात्री मी यांना विचारलं, "अहो, माझा आवाज गेला तर?"

"हं," हे म्हणाले.

हे कसलं 'हं' होतं, मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

बाकीच्यांनी तर फारच धीर दिला. लेक फोनवर म्हणाली, "आई, डोन्ट पॅनिक. वर्स्ट केसमध्ये तू टेक्स्ट करशील ना." मला मोबाइलवर मराठी टाइप करायला येत नव्हतं आणि इंग्रजीत मला ओरडता येत नाही. स्थानकावर साहेब म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा बाई, संगणकाचा आवाज येणारच आहे," आणि त्यांनी मला नमुना ऐकवला. त्यातली मुलगी एवढ्या लाडात बोलत होती, की गाडी लागलीय की तिचा साखरपुडा ठरलाय, ते कळेना. डायलिसिसला मास्तर म्हणाले, "अहो, आजवर बोलून तरी काय साधलंत?" मग म्हणाले, "पण जपून करून घ्या. शेजारी मुकं माणूस आलं तर चार तास काढायचे कसे?"

ऑपरेशनची तारीख मिळाली ती बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधीची. हा आणखी एक घाव. पौर्णिमेला आमच्या विहारात खीर वाटतात आणि ती खीर माझ्या हुकुमतीखाली होते. मोठ्या पातेल्यात तांदूळ, आटवलेलं दूध, साखर, वेलदोडा. बस. ढवळायला बायका बदलत राहतात, मी मात्र तिथेच खुर्ची टाकून ओरडत बसते. एका वर्षी माझ्या जावेने सुचवलं होतं, कस्टर्ड पावडर घालू, दाटपणा येतो. ती जाऊ आता फक्त लग्नकार्यात भेटते.

"यंदा खिरीकडे तुम्ही बघा," मी यांना सांगितलं. "आणि पावडरीचं पाकीट कुणाच्या हातात दिसलं तर—"

"हं," हे म्हणाले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला पट्टी, उजव्या हाताला पट्टी, डावा हात डायलिसिसचा म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि पायात सलाइन. सर्जन आला, खुशीत होता. "सगळं छान झालं. नाव सांगा बरं तुमचं."

मी मान हलवली.

"बोलून बघा."

मी पट्टीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, दुखत असेल, हरकत नाही, सावकाश. दुखत नव्हतं. मला भीती वाटत होती. तोंड उघडलं नाही तोवर आवाज गेलेला नव्हता. उघडलं आणि आतून नुसती हवा आली तर मग ते खरं झालं असतं. म्हणून मी तोंड मिटूनच ठेवलं. त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही. स्वारगेटची बाई खुणांनी पाणी मागत होती. नर्सला वाटलं मी फार सोशिक आहे. जन्मात पहिल्यांदा कुणाचा माझ्याबद्दल असा समज झाला आणि तो दुरुस्तही करता येईना.

ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर आली, रक्त बघितलं आणि म्हणाली, "हाडं भुकेली झालीयत, काकू. इतकी वर्षं लुटली गेली, आता चोर गेल्यावर रक्तातलं सगळं कॅल्शियम ओरबाडून घेतायत." पायातून कॅल्शियम सुरू झालं, वर मूठभर गोळ्या. आणि ऐका, या गोळ्या जेवणापासून लांब, रिकाम्या पोटी. त्याच फॉस्फरसच्या गोळ्या, त्यांत म्हणे कॅल्शियमच असतं! ज्या घासाबरोबर घेतल्या नाहीत म्हणून माझी खात्यासकट लाज काढली गेली होती, त्याच. शिवाय फॉस्फरसही खाली आलाय, तेव्हा चार दिवस दूध प्या, मोजून, पण प्या. मला यावर निदान पंधरा मिनिटं बोलायचं होतं. डॉक्टर दारात थांबली, वाट बघितली. मी डोळे मिटून घेतले. ती गेली, आणि तिचा चेहरा उतरलेला मी मिटल्या डोळ्यांच्या फटीतून बघितला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी हे आले. हातात स्टीलचा डबा. खाटेजवळ स्टूल ओढलं, बसले, डबा मांडीवर ठेवला. मी भुवया उंचावून विचारलं, खीर?

"हं," हे म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला आणि आमच्या संसारातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "यंदा सगळ्या मलाच विचारत होत्या. दाट होत नव्हती. मग मी म्हटलं, घाला कस्टर्ड पावडर. दोन पाकिटं घातली. पिवळीधमक झाली. तुझी जाऊ आली होती, तिनेच ढवळली. सगळे म्हणाले, दरवर्षीपेक्षा यंदा छान झालीय. पुढच्या वर्षीपण अशीच करू."

"कस्टर्ड?"

पहिलं अक्षर फाटकं आलं, गंजलेल्या कडीसारखं. पण पुढचं सुटलं.

"विहाराच्या खिरीत कस्टर्ड? दोन पाकिटं? आणि तिला ढवळायला बसवली? मी मेले होते का? अहो, मी विचारतेय, मी मेले होते का?"

समोरच्या खाटेवरच्या आजीबाईंच्या हातातलं संत्रं पडलं. नर्स धावत आली. कोपऱ्यातल्या बाकावर कुणाचा तरी नातेवाईक पेंगत होता, तो ताडकन उठला आणि पिशवी काखोटीला मारून दाराकडे निघाला. त्याला गाडी लागली असंच वाटलं असणार.

मी पुढेही बोलत होते, पावडरीबद्दल, जावेबद्दल, पाकिटं कुणाच्या पैशाने आणली त्याबद्दल, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी बोलतेय. आवाज घोगरा होता, कडेने फाटलेला होता, पण माझाच होता. मी यांच्याकडे बघितलं. यांनी रुमाल तोंडावर धरला होता आणि खांदे हलत होते. हसताय काय, असं विचारणार होते. हे हसत नव्हते.

नर्सने मला पाणी दिलं आणि ओरडू नका असं सांगितलं. ती तेवढ्यावर थांबली, कारण तिचा सोशिक पेशंट गेलेला तिला दिसत होता. मी डबा ओढला आणि यांना झाकण काढायला लावलं. खीर पांढरीशुभ्र होती. तांदूळ दिसत होता, वेलदोड्याचा वास येत होता. मी चमचाभर खाल्ली. माझीच खीर.

"कस्टर्ड कुठंय?"

"नाही घातलं."

"आणि जाऊ?"

"आलीच नव्हती."

"मग एवढं खोटं का बोललात?"

हे रुमालाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "घरी जातो, कुलूप काढतो. चपला घालून सोफ्यापर्यंत जातो. कुणी काही म्हणत नाही. काल स्वयंपाकघरात गेलो चपला घालून. ओट्यापर्यंत. तरी कुणी काही म्हणालं नाही."

मी दुसरा चमचा खाल्ला. मग तिसरा. मग जमेल तेवढ्या जोरात म्हटलं, "आज घरी गेलात की आधी ओट्याजवळची फरशी पुसून घ्या. फिनेलने. आणि चपला दारात."

"हं," हे म्हणाले.